पुढं चालणारी तामपोका

शियाची फळं, ज्यांच्या बियांतून लोणी निघतं ती, पिकून पडायला लागली की आमच्या गावच्या बायका सकाळी घरात सापडत नाहीत. उजाडायच्या आत त्या माळावर असतात. आणि त्यांच्या पुढं, काठी आपटत, तोंडाचा पट्टा चालू ठेवून चालणारी जी उंच, हाडकुळी बाई असायची, ती तामपोका.

"सरका रे, सरका! बायका आल्यात. पोरंबाळं आवरा, आपापल्या बिळात जा. मागाहून म्हणू नका, सांगितलं नाही."

समोर गुडघाभर गवताशिवाय काही नसायचं. ती बोलायची ते गवतातल्या मंडळींशी. साप कानानं ऐकत नाही, पोटानं ऐकतो, असं तिचं म्हणणं. म्हणून पाय असा टाकायचा की जमिनीला कळलं पाहिजे कोण आलंय. काठी गवतावर नाही, मातीवर मारायची. शियाच्या झाडाखाली सापाचं नाव काढायचं नाही, 'दोरी' म्हणायचं. दोरी दिसली तर ओरडायचं नाही, धावायचं नाही, शेपटाकडून वळसा घ्यायचा. एखादी नवी सून किंचाळली की तामपोका तिथंच तिची खरडपट्टी काढायची, "अगं, ती बिचारी उंदीर शोधायला निघाली होती. तुझा आवाज ऐकून आता तीच उपाशी झोपेल."

हे हसण्यावारी नेण्यासारखं काम नव्हे. फळ पडतं गवतात, आणि हात घालावा लागतो न बघता. आमच्याकडच्या कितीतरी बायकांची बोटं वाकडी आहेत, ती काही संधिवातानं नाही. एकदा बोल्गा शहरातून एक संस्था आली होती. जीपमधून रबरी बूट आणले, सगळे एकाच मापाचे, बाप्यांच्या मापाचे. बायकांना ते घालून ओळीत उभं केलं, फोटो काढले. त्याच संध्याकाळी बूट नवऱ्यांच्या पायात जाऊन ज्वारीच्या दारूच्या मांडवाकडं चालू लागले. तामपोकानं संस्थेच्या साहेबाला जीपपाशी गाठलं होतं. म्हणाली, "बूट राहू द्या, जवळच्या दवाखान्यात विषावरची सुई ठेवा." साहेब म्हणाला, "बघू." ती म्हणाली, "तुम्ही बघा निवांत. आम्हाला रोज पायाखाली बघावं लागतं." सुई अजून आलेली नाही. तिच्या मागं चालणाऱ्या बायकांना मात्र इतक्या वर्षांत एकदाही कुणी डसलं नव्हतं. बायका तिची बोलणी खायच्या आणि तरी तिच्याच मागं चालायच्या, ते यासाठी.

एका प्राण्याला मात्र ती 'सरका' म्हणत नसे. अजगराला. आमच्या घराण्यात अजगर म्हणजे आजोबा. गेलेली वडीलधारी माणसं त्या रूपात शेताभातातून फिरतात, आपली पोरं कशी राहतात ते बघतात. आजोबा झाडाखाली भेटले की सगळ्यांनी खाली बसायचं, माना झुकवायच्या. थोरांच्या नजरेला नजर द्यायची नाही. पुढची बाई डोक्याचं फडकं सोडून जमिनीवर अंथरते, हलक्या हातानं टाळ्या वाजवते, आणि घरची खबर सांगते: कुणाला मुलगा झाला, कोण वारलं, कुणाची गाय व्याली. मग पदराच्या गाठीतलं बाजरीचं पीठ चिमूटभर त्यांच्या तोंडापुढं ठेवायचं आणि उठायचं. त्या दिवशी ते झाड आजोबांचं. त्याखालचं एक फळ उचलायचं नाही.

"आजोबांना नेमकं सगळ्यात लगडलेलंच झाड कसं आवडतं?" तेनी कुरकुरायची. तेनी म्हणजे तामपोकाची चुलत जाऊ, ओळीत दुसरी. वयानं तिच्याएवढीच, जीभ तिच्याहून लांब.

"तुझ्या नवऱ्याला नाही का भरलेलंच मडकं आवडत? वंश एकच आहे," तामपोका म्हणायची.

ओळीच्या अगदी शेवटी चालायची लारिबा, तामपोकाची सून. मुलगा लांब कुमासी शहरात हमाली करतो, सून सासूजवळ. लारिबाचं माहेर नदीपलीकडचं, आणि तिथं अजगर खातात. चांगला मसाला लावून, शेंगदाण्याच्या रश्शात. लग्न ठरलं तेव्हाच यावरून रणकंदन झालं होतं. पोराचाच हट्ट म्हणून तामपोकानं मान डोलावली, जिभेनं मात्र कधी होकार दिला नाही.

"हिच्या बापाच्या घरी पाहुणे गेले तर काळजी नको, आपलेच आजोबा ताटात भेटतात," ती चारचौघींत म्हणायची.

लारिबा खाली मान घालून बाजरी निवडत राहायची. कधीतरी हळूच म्हणायची, "आई, चवीला बरे असतात तुमचे आजोबा." आणि बायकांना हसू आवरायचं नाही, मग तामपोका आणखीच भडकायची. लारिबाला तिनं ओळीच्या शेपटाला ठेवलं होतं ते याच रागानं. शेवटच्या बाईला पुढच्यांनी वेचून उरलेलं मिळतं.

आता जी गोष्ट कुणाला माहीत नव्हती ती सांगतो. तामपोकाच्या डोळ्यांत धुकं उतरलं होतं. मागच्या उन्हाळ्यापासून. दुपारी ठीक असायचं, पण पहाटेच्या अंधुक उजेडात झाड म्हणजे काळा डाग आणि वाट म्हणजे पांढुरका. ती चालायची ती पायांच्या सवयीनं आणि कानांनी. प्रत्येक झाड तिला पाठ होतं. आणि साप पुढून निघूनच जात होते, कारण तिचे पाय अजून जमिनीशी तितक्याच मोठ्यानं बोलत होते. मग कशाला सांगायचं? सांगितलं की उद्या काठी दुसरीच्या हातात, आणि आपण अंगणात म्हाताऱ्यांच्यात बसून बिया फोडायच्या, कोंबड्या हाकायच्या, कुणी येऊन विचारील का "बरं आहे ना" म्हणून वाट बघायची. त्या विचारासरशी ती आणखी मोठ्यानं बोलायची, आणखी जोरानं काठी आपटायची.

फक्त सापांची एक जात अशी आहे जिला पायांची भाषा कळत नाही, किंवा कळून फरक पडत नाही. आम्ही त्याला आळशी म्हणतो. जाडजूड, आखूड, अंगावर पिवळ्या-तपकिरी खुणा. तुम्ही नाचत या नाहीतर ढोल वाजवत या, तो हलत नाही. पडून राहतो. अंगाशी आलात की लोहाराच्या भात्यासारखा फुसकारतो, आणि मग एकदाच चावतो. आळशापुढं कान कामाचे नाहीत. त्याला बघावंच लागतं.

एके पहाटे बायका माळावरच्या एका ओसाड घराच्या मातीच्या ढिगाऱ्याकडं गेल्या. ढिगाऱ्यावरचं शियाचं झाड दरवर्षी लगडतं. तामपोका पुढं होती. मुळाशी तिला वेटोळं दिसलं, म्हणजे वेटोळ्यासारखं काहीतरी, पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांचं. काठी आपटली. हललं नाही. आणखी एक पाऊल टाकलं. तरी नाही. घाबरून पळत नाही तो घरचाच माणूस, असं तिच्या मनानं घेतलं, आणि तिनं हात मागं करून खूण केली.

"बसा गं. आजोबा आलेत. लहान रूपात आलेत."

बायका बसल्या. माना खाली. तामपोकानं फडकं अंथरलं, टाळ्या वाजवल्या, आणि खबर सांगायला लागली. "आजोबा, अयीनेबाबांचा खोकला कमी आहे. तेनीच्या लेकीला मुलगी झाली, नाक तुमच्यावर गेलंय. माझ्या पोराचा कुमासीहून निरोप आहे, बरा आहे…" तेवढ्यात भाता फुसकारला. तामपोकाला वाटलं, आजोबा उसासा टाकतायत.

शेवटी बसलेल्या लारिबानं मान खाली घातली नव्हती. तिचे कुठले आजोबा! तो आवाज तिनं ओळखला. डोक्याला बांधलेली बॅटरी तिकडं वळवून ती बाजूनं पुढं आली.

"आई, मागं या."

"गप बस. मध्ये बोलू नये."

"आई, हे तुमचे आजोबा नाहीत."

"तुझ्या माहेरी शिजवायच्या आधी विचारता का कुणाचे आजोबा ते?" असं म्हणत तामपोकानं पिठाची चिमूट पुढं केली.

लारिबा झपकन पुढं झाली. डोक्यावरची इनॅमलची परात काढून तिनं हाताच्या आणि त्या वेटोळ्याच्या मध्ये खुपसली. टण्ण झालं. दुसऱ्या हातानं तिनं सासूला कमरेच्या लुगड्याला धरून मागं ओढलं, दोघी पाठीवर पडल्या. बायकांनी माना वर केल्या तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: मुळाशी आडवी पडलेली परात, आणि पलीकडच्या बिळात सावकाश शिरणारी ठिपक्यांची पाठ.

"आजोबांवर परात आपटली!" तेनी ओरडली.

तामपोका उठून बसली. तिला धुक्यातून दिसत नव्हतं, पण हाताला कळलं होतं. परातीच्या काठाला बोट लागलं तेव्हा तिथं चिकट ओल होती. अजगराला विष नसतं. आजोबा कुणावर थुंकत नाहीत. लारिबानं परात उचलली, शियाच्या पानानं काठ नीट पुसला, आणि पान लांब फेकून दिलं.

तामपोका लुगडं झटकून उभी राहिली. "चला, घरी चला," एवढंच म्हणाली.

गावात बातमी बायकांच्या आधी पोचली. नदीपलीकडच्या सुनेनं आजोबांना परातीनं मारलं. दुपारपर्यंत परातीचं मुसळ झालं होतं. घराण्यातले वडील अयीनेबाबा, त्यांनी निरोप धाडला: ऊन कलल्यावर सगळ्यांनी गावच्या मोठ्या झाडाखाली बैठकीला यायचं. असं काही घडलं की रिवाज ठरलेला आहे. सून माहेरी जाते, तिचा बाप मेंढा घेऊन माफी मागायला येतो, आणि तोवर ती आमच्या घराण्याच्या माळावर पाय ठेवत नाही. बाप येईपर्यंत शियाचा हंगाम संपलेला असतो.

तामपोका अंगणात आली तेव्हा लारिबा भिंतीच्या सावलीत बसून परात निवडत होती. स्वतःची नव्हे, सासूची, कालची. फळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक छोटा ढीग.

"ते काय?" तामपोकानं विचारलं.

"खडे."

"माझ्या परातीत?"

"रोजचेच आहेत. खडे, वाळलेलं शेण, एकदा तर बेडूक होता. जिवंत."

तामपोका खाली बसली. बोटांनी तिनं तो ढीग चाचपला. "कधीपासून निवडतेस?"

"मागच्या वर्षीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तुम्ही म्हणाला असता, ही मला घरी बसवायला बघते. आणि मलाच घरी बसवलं असतं."

हे खरं होतं, त्यामुळं तामपोकाला राग आला. "आणि सकाळी ती ओल पुसलीस ती? दाखवायची होतीस की सगळ्यांना. बघा म्हणावं, म्हातारीनं आळशाला खबर सांगितली."

"परातीत फळं घालायची होती," लारिबा म्हणाली. "पोटात विष नको जायला."

तामपोकानं तिच्याकडं तोंड वळवलं. त्या उन्हात तिला सुनेचा चेहरा स्वच्छ दिसत होता. हसते का बघितलं, तर हसत नव्हती. फळं निवडत होती.

"संध्याकाळी काय सांगशील?"

"मी काय सांगणार? अजगर खाणाऱ्याचं कोण ऐकतं. तुम्ही सांगाल ते."

झाडाखाली अयीनेबाबा बैठकीवर बसले होते, भोपळ्याच्या वाटीत दारू, वाटीवर माश्या. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. तेनीनं हकिगत सांगितली, हातवाऱ्यांसकट. तिनं खोटं सांगितलं नाही, जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं, फक्त जरा मोठं करून. अयीनेबाबा ऐकून घेऊन तामपोकाकडं वळले.

"सूनबाई, पुढं तू होतीस. तू बघितलंस. आजोबाच होते ना?"

प्रश्न एवढाच. 'हो' म्हटलं असतं तर लारिबा सकाळी माहेरच्या वाटेला लागली असती, आणि तामपोका माळाच्या वाटेला, काठी घेऊन, सगळ्यांच्या पुढं. तो 'हो' तिच्या जिभेवर आलाही. तेवढ्यात तिला दुसरं सुचलं. उद्या पुन्हा तेच धुकं असणार. मागं बसलेल्या माना पुन्हा खालीच असणार. आणि शेवटी बघणारी कुणी नसणार.

"नाही बाबा," ती म्हणाली. "आळशी होता."

बैठकीत गलका झाला. अयीनेबाबांनी हात वर केला.

"तू म्हणालीस ना आजोबा?"

"म्हणाले. खाली बसून टाळ्या वाजवल्या. तुमच्या खोकल्याची खबर दिली त्याला. तेनीच्या नातीचं नाक आजोबांवर गेलंय, हेही सांगितलं."

"आळशाला सांगितलंस माझ्या नातीचं नाक?" तेनी उठून उभी राहिली.

"बस गं. त्यानं ऐकलं नाही. त्याला कान नसतात."

पुरुषांत कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरा, मग सगळेच. अयीनेबाबांना हसता हसता ठसका लागला. तामपोका उभीच होती. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "मला पहाटे दिसत नाही. पोरीनं परात मध्ये घातली नसती तर आज तुम्ही इथं दुसऱ्याच कामाला बसला असता. तिला काही बोलायचं असेल तर आधी मला बोला."

मग कुणी हसलं नाही. तेनी पुटपुटली, "मला वाटलंच होतं. परवा माझ्या बकरीला 'ये गं पोरी' म्हणाली."

"उद्यापासून कोण पुढं?" अयीनेबाबांनी विचारलं.

तामपोकानं काठीवर दोन्ही हात घट्ट धरले होते. "लारिबा."

आता खरा गोंधळ झाला. जी आजोबांना खाते तिच्या मागं आम्ही चालायचं? आजोबा भेटले तर ही खबर सांगणार की मीठ मागणार? तामपोकानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि मग तिचा तो माळावरचा आवाज काढला.

"तुमच्यापैकी कुणी आजोबांकडं कधी नीट बघितलंय? एकीनं तरी? आपण माना खाली घालतो. त्यांची पाठ कशी, शेपूट कसं, कुणाला माहीत? हिला माहीत आहे. हिनं सोललेत. जिनं सोललंय ती फसत नाही."

"अजगराची कातडी ओल्यासारखी गुळगुळीत असते," लारिबा पहिल्यांदाच बोलली, खालच्या आवाजात. "आळशाची तुसासारखी खरखरीत. आणि शेपूट आखूड, जसं कुणी तोडून जोडलंय."

अयीनेबाबांनी वाटीतला शेवटचा घोट घेतला. "पोरी, एक सांग. या घराण्यात आल्यापासून खाल्लास का?"

"मिळणार कुठं बाबा? तुम्ही सगळे त्यांना टाळ्याच वाजवता."

या वेळी बायकाही हसल्या. अयीनेबाबा म्हणाले, "माहेरी गेलीस तरी खायचा नाही. बाकी चालू द्या." आणि बैठक मोडली.

रात्री तामपोकानं काठी सुनेच्या खोलीच्या दाराशी टेकवून ठेवली. हातात द्यायचं तिला जमलं नाही.

पहाटे तिचं ठरलेलं होतं की उठायचंच नाही. पण बायकांच्या पायांचा आवाज दाराशी आला आणि ती परात घेऊन बाहेर पडली.  सवयीनं ती पुढं जायला लागली, मग थांबली. एकेक बाई तिच्याजवळून पुढं गेली, आणि ती शेवटी लागली.

पुढं लारिबा चालत होती. तिचे पाय हलके होते, जमिनीशी कुजबुजल्यासारखे. तामपोकानं दोनदा तोंड उघडलं, 'अगं, आपट पाय, नवरी आहेस का' असं म्हणायला, आणि दोन्ही वेळा मिटलं. थोड्या वेळानं लारिबाची पावलं आपोआप जड झाली. मग काठी मातीवर पडायला लागली. लारिबा बोलत मात्र नव्हती. जो तो आपल्या तऱ्हेनं चालतो.

शेपटाला चालताना तामपोकाला एक नवीनच गोष्ट कळली. बायका बोलतात. पुढच्या बाईला ते कधी ऐकू येत नाही, तिच्या स्वतःच्याच आवाजाखाली सगळं बुडून जातं. तेनी शेजारणीला सांगत होती, "पण काहीही म्हण, इतकी वर्षं त्या भांडकुदळ बाईच्या मागं बिनघोर चाललो आपण. मी तर झोपेतच चालायची. आता डोळे उघडे ठेवावे लागतील."

"आधी तोंड मिटून बघ," तामपोका मागून म्हणाली. "डोळे गेलेत माझे, कान इथंच आहेत."

ओळभर हसू फिरलं. तेवढ्यात पुढून लारिबाचा आवाज आला, "थांबा."

सगळ्या थांबल्या. काय आहे, कुठं आहे, तामपोकाला काही दिसत नव्हतं. 'काय गं?' असं विचारायला तिचे ओठ हलले. पण पुढच्या बाईला काही विचारायचं नसतं, हा तिचाच नियम. परात डोक्यावर सावरून, बाकीच्यांसारखीच, ती उभी राहिली. गवतात काहीतरी सरकलं, लांबवर, आणि शांत झालं.

"चला," लारिबा म्हणाली.

तामपोका चालू लागली.